बिनदातांचं हसू

अक्कलदाढ नेमकी सबमिशनच्या आठवड्यातच दुखायला लागते, असा आमच्या हॉस्टेलचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. यंदा माझा नंबर लागला. खालची डावी दाढ हिरडीच्या आत आडवी पडलेली होती आणि पुढच्या बिचाऱ्या दाढेला ढुशा मारत होती. वर्षभर मी लवंग, पेनकिलर आणि देवाचं नाव यांच्यावर दिवस काढले. शेवटी गाल असा सुजला की वायवाला सरांनीच आधी डॉक्टरकडे जा म्हणून परत पाठवलं.

मग इंजेक्शन, हिरडीला छेद, ड्रिलने दाढेचे दोन तुकडे आणि तीन टाके. दुखलं फारसं नाही, पण आवाज वर्कशॉपसारखा होता! त्यानंतर डॉक्टरांनी नियमांची यादीच दिली. कापसाचा बोळा पाऊण तास दाबून धरायचा. चोवीस तास थुंकायचं नाही, गुळण्या करायच्या नाहीत, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. कारण दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच नैसर्गिक झाकण असते, आणि ती निघाली तर हाड उघडं पडून मरणाचं दुखतं. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावायचा, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच चूळ भरायची. खायला मऊ आणि गार, आणि बोलायचं कमी. सात दिवसांनी टाके.

हे शेवटचं ऐकून रूममेट फार खूश झाली.

तर मित्रमैत्रिणींनो, तिसऱ्या दिवशी मी मेसमध्ये बसून मऊ भात गिळत होते. शेजारच्या टेबलवर तर्री पोह्यांचा वास सुटलेला. नागपुरात राहून तर्रीकडे नुसतं बघत बसणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच माहीत! समोर भिंतीवर एका बँकेचं कॅलेंडर होतं आणि त्यावर गांधीजींचा तो प्रसिद्ध फोटो, तोंड उघडून, खळखळून हसतानाचा. तोंडात दात जवळजवळ नाहीतच. मेसच्या मावशी माझ्या सुजलेल्या गालाकडे बघून म्हणाल्या की त्या बाबाला एकही दात नाही आणि तो बघ कसा हसतो, तुझी एक दाढ गेली तर तुझं तोंड केवढं!

मी ओशाळले. पण डोक्यात एक किडा शिरला. या माणसाचे दात गेले कसे? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला गांधीजी इंग्रजीतून आणि पाच मार्कांचे होते. दांडी यात्रा, असहकार, जन्म, मृत्यू, संपलं. लायब्ररीतून आत्मचरित्र आणि आणखी दोन-तीन जाड पुस्तकं आणली आणि बोलायचं नसल्यामुळे आठवडाभर वाचत पडले. त्यातून मला जे गांधीजी भेटले ते पेशंट गांधीजी. त्यांचंच चरित्र आज सांगते.

डॉक्टर व्हायचं राहून गेलं

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरला झाला हे सगळ्यांना पाठ आहे. पण मॅट्रिकनंतर त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, हे मला तरी माहीत नव्हतं. विलायतेला जायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी डॉक्टरीला पाठवता का असं विचारलंही होतं. मोठ्या भावाने सांगितलं की वडिलांना ते कधीच पसंत नव्हतं, वैष्णवाने मढी फाडायची नसतात. मग वकिली. ॲडमिशनच्या वेळी घरच्यांचं ऐकून ब्रँच बदललेले आपल्याकडे कितीतरी जण आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण आवड गेली नाही. दक्षिण आफ्रिकेत वकिली जोरात चालू असताना ते डर्बनच्या एका धर्मादाय दवाखान्यात सकाळचा वेळ देत. मळ्यांवर राबणारे गरीब भारतीय मजूर तिथे येत. त्यांच्या तक्रारी ऐकायच्या, डॉक्टरला समजावून सांगायच्या आणि औषधं तयार करून द्यायची, हे बॅरिस्टरसाहेबांचं काम. १८९९ ला बोअर युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी सुमारे अकराशे भारतीयांचं ॲम्ब्युलन्स पथक उभं केलं आणि जखमींना स्ट्रेचरवरून मैलोन्‌मैल वाहून नेलं. १९०० मध्ये धाकटा मुलगा देवदास झाला, तेव्हा वेळेवर ना डॉक्टर मिळाला ना सुईण. गांधीजींनी पुस्तक वाचून आधीच तयारी केली होती. बाळंतपण त्यांनी स्वतःच पार पाडलं! या देवदासचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सांगायचा मुद्दा, आजाऱ्याची सेवा हा त्यांचा हातखंडा. स्वतः आजारी पडणं मात्र त्यांना अजिबात जमत नसे. इथूनच खरी गंमत सुरू होते.

टाके आणि मौन

१० फेब्रुवारी १९०८, जोहान्सबर्ग. सरकारशी झालेल्या तडजोडीप्रमाणे स्वतःची नोंदणी करायला गांधीजी ऑफिसकडे चालले होते. ही तडजोड म्हणजे दगाबाजी असं काही पठाणांना वाटत होतं. मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी रस्त्यात गाठून त्यांना लाठ्यांनी झोडपलं. गांधीजी बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर डोक नावाच्या पाद्रीसाहेबांनी त्यांना आपल्या घरी नेलं. गांधीजींचं पहिलं म्हणणं काय, तर मारणाऱ्यांवर खटला भरू नका. आणि दुसरं, नोंदणीचे कागद इथेच आणा, मला आजच सही करायची आहे.

डॉक्टरांनी गालाला आणि वरच्या ओठाला टाके घातले, आणि नियम काय दिले असतील? टाके निघेपर्यंत बोलायचं नाही आणि फक्त पातळ पदार्थ घ्यायचे. हे वाचताना मी अंथरुणात उठून बसले! माझीच यादी, शंभरहून जास्त वर्षं जुनी. गांधीजींनी नियम पाळला. जे सांगायचं ते लिहून सांगत. डोकसाहेबांच्या लहान मुलीला त्यांनी आवडतं प्रार्थनागीत म्हणायची खूण केली आणि तिने दाराशी उभं राहून हळू आवाजात ते म्हटलं. तोंड शिवलेलं असतानाही माणूस किती बोलू शकतो याचं हे उदाहरण. मी मात्र रूममेटला चिठ्ठ्या लिहून फक्त आइस्क्रीम मागवलं.

दवाखान्यावर राग

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, लंडनहून परत येताना बोटीवर त्यांनी हिंद स्वराज्य हे पुस्तक लिहिलं. उजवा हात दुखला की डाव्या हाताने लिहीत. त्यात रेल्वे आणि वकील यांच्याबरोबर डॉक्टरांनाही त्यांनी सोडलेलं नाही. मुद्दा थोडक्यात असा, की मी वाट्टेल तसं खायचं, अजीर्ण झालं की डॉक्टरने गोळी द्यायची, मी बरा होऊन परत तसंच खायचं. म्हणजे औषधाने शरीर सुधारलं पण मनावरचा ताबा सुटला. दवाखाने हे अशा रीतीने माणसाला ढिलं करतात.

रात्री अडीचला मॅगी खाऊन सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या आपल्या हॉस्टेलला हे थोडं लागेलच. पण जंतू, अपघात, आडवी दाढ यांचं काय? त्याला मनाचा ताबा कुठे पुरणार? हा प्रश्न गांधीजींनाही टळला नाही. पुढची चाळीस वर्षं त्यांच्या शरीराने त्यांना तो पुन्हा पुन्हा विचारला.

पहिला पेपर १९१८ मध्ये. खेडा जिल्ह्यात पायी फिरून फिरून तब्येत गेली आणि जोराची हगवण लागली. डॉक्टर इंजेक्शन देतो म्हणाले, यांनी नाही म्हटलं. इंजेक्शन म्हणजे प्राण्यांपासून केलेली लस असा त्यांचा समज होता. ते औषध वनस्पतीपासूनचं होतं हे नंतर कळलं आणि त्या वेळचं आपलं अज्ञान हास्यास्पद होतं, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात देऊन टाकली आहे. आपण मरणार असंच त्यांना वाटू लागलं होतं. अशात एक मराठी गृहस्थ आले, केळकर. त्यांचा सगळा भर बर्फावर असल्याने गांधीजींनी त्यांना बर्फाचे डॉक्टर असं नाव पाडलं होतं. केळकरांनी अंगभर बर्फ लावला. त्यांचे सगळे दावे गांधीजींना पटले नाहीत, पण भूक लागू लागली आणि पाच-दहा मिनिटं फिरता येऊ लागलं. कच्ची अंडी घ्या म्हटल्यावर मात्र केळकरांची डाळ शिजली नाही. गालावर बर्फाची पिशवी धरून मी हे वाचत होते, त्यामुळे केळकर मला फारच जवळचे वाटले.

शेळी कुठून आली

त्यानंतर विश्रांतीला माथेरान झालं, तिथेही त्रास वाढल्याने आठवड्यात पळ काढला. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन केलं. दलालांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय हे शरीर उभं राहणार नाही. पण गायी-म्हशींचं दूध निघावं म्हणून त्यांच्यावर जे अघोरी प्रकार करतात ते समजल्यापासून गांधीजींनी दूध सोडलं होतं, शपथ होती. कस्तुरबा खाटेजवळ उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी मध्येच म्हटलं की मग शेळीचं दूध घ्यायला हरकत नसावी. डॉक्टरांनी लगेच तो धागा पकडला.

गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं आणि वाचले. रौलेट कायद्याविरुद्ध लढायचं होतं, जगायची इच्छा होती. पण शपथेचे शब्द पाळले आणि अर्थ मोडला, ही टोचणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. गांधीजींची शेळी म्हणून आपण जिचे विनोद करतो, ती अशी एका पेशंटच्या हरण्यातून आणि बायकोच्या हुशारीतून आलेली आहे.

कंदिलाच्या उजेडात

सगळ्यात थरारक प्रसंग पुण्याचा. १९२२ च्या मार्चमध्ये राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा होऊन गांधीजी येरवड्याला होते. जानेवारी १९२४ मध्ये पोटात भयंकर दुखू लागलं आणि ताप आला. अपेंडिक्स! १२ जानेवारीला त्यांना ससून हॉस्पिटलमध्ये आणलं. सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी तपासून सांगितलं की रात्रीच कापावं लागेल. गांधीजींच्या ओळखीच्या डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना निरोप धाडायचा प्रयत्न झाला, पण ते वेळेत पोचणं शक्य नव्हतं.

आता परिस्थिती बघा. ज्या सरकारला हा माणूस सैतानी म्हणत होता, त्या सरकारचा इंग्रज सर्जन त्याच्या पोटावर सुरी चालवणार. ऑपरेशन फसलं तर देशात कुणीही असंच म्हटलं असतं की इंग्रजांनी मारलं. मॅडॉकच्या हातावर केवढा भार असेल! गांधीजींनी हे ओळखलं. पुण्यातले श्रीनिवास शास्त्री आणि डॉ. फाटक यांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर एक निवेदन तयार केलं, की डॉक्टर आणि इतर सर्वांनी माझी उत्तम काळजी घेतली आहे आणि ऑपरेशनला माझी संमती आहे. थरथरत्या हाताने सही केली. आपण ऑपरेशनच्या आधी न वाचता ज्या फॉर्मवर सही करतो तोच हा फॉर्म म्हणा. फरक एवढाच की आपला फॉर्म डॉक्टरला कोर्टापासून वाचवतो, या फॉर्मने अख्ख्या देशाला दंगलीपासून वाचवलं असतं.

ऑपरेशन चालू असताना वादळाने वीज गेली. नर्सच्या हातातला टॉर्चही बंद पडला. शेवटी साध्या कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन पुरं केलं. लोडशेडिंगमध्ये मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला हे डोळ्यांसमोर आणायला वेळ लागत नाही. ससूनमध्ये ती खोली आजही स्मारक म्हणून जपलेली आहे.

५ फेब्रुवारी १९२४ ला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं. गांधीजी खूश झाले नाहीत. आजारी पडणं ही काही सुटकेची लायकी नव्हे, असं त्यांना वाटे. मेडिकल सर्टिफिकेट जोडून बॅकलॉग टाळणाऱ्यांनी हे वाक्य वगळून पुढे वाचावं.

जखम सावकाश भरली. मार्चमध्ये ते जुहूला समुद्रकाठी विश्रांतीला गेले आणि मेअखेरपर्यंत राहिले. विश्रांती म्हणजे काय, तर मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास वाद घालायला येत आणि एप्रिलपासून साप्ताहिकांचं संपादनही सुरू. त्याच सप्टेंबरात हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास. डॉक्टरांचं डोकं दुखलं असणार.

वर्धा आणि दात

आता आपल्या भागात येऊ. १९३४ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर गांधीजी वर्ध्याला राहायला आले. नागपूरहून पाऊणशे किलोमीटर, पॅसेंजरने गेलात तरी दोन-अडीच तास. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यातच त्यांची तब्येत कोसळली. ब्लडप्रेशर फार वाढलं आणि डॉक्टरांनी लिहिणं, बोलणं, भेटणं सगळं बंद केलं. जानेवारी १९३६ मध्ये त्यांना मुंबईला नेलं आणि तिथे त्यांचे दात काढले. वय सहासष्ट.

ब्लडप्रेशर आणि दात यांचा काय संबंध, असं मी माझ्या टाके काढणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. त्या काळी अशी एक थिअरी फार जोरात होती की दातांच्या मुळाशी लपलेला जंतुसंसर्ग सगळ्या शरीरात आजार पसरवतो. त्यामुळे संधिवातापासून हृदयापर्यंत कशासाठीही जगभर लोकांचे दात काढले जात. पुढे ती थिअरी मागे पडली. दात आणि हिरड्यांची निगा महत्त्वाचीच, पण सरसकट दात उपटणं थांबलं. म्हणजे विज्ञानही चुकत, सुधारतच पुढे जातं. गांधीजींनी स्वतःच्या आयुष्याला प्रयोग म्हटलं होतं ते या अर्थाने बरोबरच.

तेव्हापासून कवळी. ती ते फक्त जेवताना लावत आणि मग काढून धुऊन ठेवत. आल्यागेल्यासमोर, कसलीही लाज नाही. म्हणून फोटोत ते हसू असं मोकळं, बिनदातांचं.

बरे झाल्यावर ३० एप्रिल १९३६ ला ते वर्ध्याहून पायी शेगावला गेले. हेच पुढे सेवाग्राम झालं. जागा पाणथळ, डास भरपूर. त्याच पावसाळ्यात मलेरियाने त्यांना गाठलं आणि वर्ध्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं. हॉस्पिटलवर टीका करणारा माणूस पुन्हा खाटेवर!

पण सेवाग्रामची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित तिथे आले. त्यांना कुष्ठरोग होता आणि त्या काळी अशा माणसाला कुणी दारात उभं करत नसे. गांधीजींनी त्यांच्यासाठी झोपडी बांधली आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केलं. डर्बनच्या दवाखान्यातला तो जुना कंपाउंडर अजून आत जिवंत होता.

इथे मी अडते

आता तो भाग, ज्याच्यावरून माझं आणि रूममेटचं कडाक्याचं भांडण झालं (टाके असतानाही!).

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. १९४४ च्या सुरुवातीला कस्तुरबांची तब्येत फार बिघडली. आधीच हृदयाचा त्रास, त्यात न्यूमोनिया. पेनिसिलिन तेव्हा नवं आणि दुर्मिळ होतं. देवदासच्या खटपटीने ते विमानाने मागवलं गेलं. होय, तोच देवदास, ज्याला गांधीजींनी स्वतःच्या हाताने जगात आणलं होतं. मुलगा औषध द्या म्हणत होता. दर काही तासांनी सुया टोचून आता तिला त्रास का द्यायचा, असं बापाचं म्हणणं पडलं. पेनिसिलिन दिलं नाही. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून कस्तुरबा गेल्या.

साधारण सहा आठवड्यांनी गांधीजींना जोरदार मलेरिया झाला. आधी त्यांनी फळांचा रस आणि उपवास करून पाहिला. ताप हटेना तेव्हा क्विनाइन घेतलं आणि ताप उतरला. ६ मे ला सुटका झाली आणि पुन्हा विश्रांतीला जुहू.

रूममेटचं म्हणणं सरळ होतं. बायकोला औषध नाही आणि स्वतःला आहे, हा कसला न्याय? मी त्यांची बाजू घेतली. कस्तुरबांची अवस्था इतकी गेलेली होती की पेनिसिलिननेही त्या वाचल्या असत्या असं खात्रीने कुणी सांगू शकत नाही. आणि क्विनाइन हे जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं औषध होतं. पण बोलता बोलता मलाच जाणवलं की मी वकिली करते आहे.

कारण मला आत्मचरित्रातला एक जुना प्रसंग आठवला. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांचं डर्बनला एक ऑपरेशन झालं होतं. त्या इतक्या अशक्त होत्या की भूल देणं शक्य नव्हतं, म्हणून क्लोरोफॉर्मशिवाय केलं. त्यांनी ते सोसलं. (मी तर एका इंजेक्शनला डोळे मिटले होते.) नंतर डॉक्टर त्यांना गोमांसाचं सूप द्यायचं म्हणाले, नाहीतर जबाबदारी घेत नाही म्हणाले. तेव्हा गांधीजींनी कस्तुरबांनाच विचारलं. त्या ठामपणे नको म्हणाल्या आणि भुरभुरत्या पावसात त्यांना तसंच फिनिक्सला हलवलं. निर्णय बरोबर की चूक ते बाजूला ठेवा, पण तो पेशंटचा होता.

आगाखान पॅलेसमधल्या त्या शेवटच्या दिवसाबद्दल मी जे वाचलं, त्यात बाप बोलतो, मुलगा बोलतो, डॉक्टर बोलतात. कस्तुरबांना काय हवं होतं, ते मला कुठे सापडलं नाही. ससूनमध्ये स्वतःच्या संमतीचा कागद एवढ्या काळजीने लिहिणाऱ्या माणसाकडून मला तेवढी अपेक्षा होती. रूममेटला मी हे सांगितलं तेव्हा तीही गप्प झाली. मग तिनेच म्हटलं की बासष्ट वर्षांच्या संसारानंतर तो माणूस आतून काय झाला असेल, ते आपल्याला या वयात कळणार नाही. भांडण तिथे मिटलं. प्रश्न मिटला नाही, आणि मिटावा असंही वाटत नाही.

शेवटी

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत नथुराम गोडसेने गोळ्या झाडून गांधीजींचा खून केला. वय अठ्ठ्याहत्तर. एवढ्या आजारांनी, उपवासांनी, लाठ्यांनी आणि तुरुंगांनी जे झालं नव्हतं ते तीन गोळ्यांनी झालं.

टाके निघाल्यावरच्या रविवारी आम्ही दोघी सेवाग्रामला जाऊन आलो. बापूकुटी म्हणजे मातीच्या भिंती, कौलं आणि जमिनीवर बैठक. आमची हॉस्टेलची खोली तिच्यापुढे फाइव्ह स्टार. परचुरे कुटीही बघितली. आणि आश्रमाच्या जवळच कस्तुरबांच्या नावाचं मोठं हॉस्पिटल उभं आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी लहान दवाखान्यापासून ते वाढवलं आणि १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीला, तिथे मेडिकल कॉलेज सुरू झालं. हिंद स्वराज्य लिहिणाऱ्याच्या अंगणात मेडिकल कॉलेज! ओपीडीच्या बाहेर आसपासच्या गावांतले पेशंट बसले होते. एक म्हातारी आजी नातवाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मला वाटलं, इथे कस्तुरबांचं नाव दिलं हे फार बरं केलं.

मी या माणसाला देव मानून वाचायला घेतलं नव्हतं आणि देव मानून पुस्तक मिटलंही नाही. इंजेक्शनबद्दल चुकला, चुकलो म्हणाला. शपथेत पळवाट काढली, तीही लिहून ठेवली. शत्रूच्या सुरीखाली विश्वासाने झोपला. आणि एका ठिकाणी, मला वाटतं, चुकला आणि ते कबूल करायला कुणी उरलं नव्हतं.

परत आल्यावर मेसमध्ये पहिल्यांदा तर्री पोहे घेतले. उजव्या बाजूने, जपून. मावशींनी विचारलं, आता हसता येतं का? मी पूर्ण तोंड उघडून हसून दाखवलं. एक दाढ कमी होती, पण कॅलेंडरवरच्या म्हाताऱ्याशी बरोबरी करायला अजून एकतीस बाकी आहेत.

ता. क. : अक्कलदाढ दुखत असेल तर माझ्यासारखं वर्षभर लवंग चघळत बसू नका. डॉक्टरला दाखवा. आणि संमतीच्या फॉर्मवर सही करण्याआधी तो नीट वाचा.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी)